सगळं पाणी बदलू का?

घरात एक जुनी काचेची टाकी आहे. बरेच महिने कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही, पाणी पिवळं झालंय, काचेवर शेवाळ आणि तळाशी गाळ आहे. तरी दोन-तीन मासे अजून तग धरून आहेत. ‘सगळं पाणी ओतून देतो, खडी धुतो आणि नवे मासे आणतो, चालेल ना?’ असं मला खूपजण विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळं पाणी बदलू नका. आणि नव्या माशांचा विचार करण्याआधी जे उरलेत त्यांचं बघा.

माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमध्ये आणि खडीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या प्रक्रियेत आम्ल तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट क्षार ते आम्ल शोषून घेतात खरे, पण पाणी बदललंच नाही तर ते क्षार संपतात आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, घसरत जातो; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साचू लागतो. मग मासे जगतात कसे? आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतेक करून अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप खूपच कमी घातक असतं. हळूहळू बिघडत गेलेल्या पाण्याशी मासेही हळूहळू जुळवून घेतात.

अशा टाकीत एका दिवसात सगळं ताजं पाणी भरलं तर पीएच एकदम वर जातो. खडीत, गाळात आणि उरलेल्या पाण्यात असलेलं अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. पीएच एका अंकाने वाढला की हे विषारी रूप साधारण दहापट होतं. माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात आणि महिनोन्‌महिने घाण पाण्यात जगलेला मासा साफसफाईनंतर काही तासांत मरतो. मासे आधीच आजारी होते, असं आपण समजतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाला माशांचं भलंच करायचं असतं.

म्हणून आधी पीएच, अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं टेस्ट किट आणा. टाकीचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तपासा. दोन्हींच्या पीएचमध्ये जितका जास्त फरक, तितकं सावकाश जायचं. रोज किंवा एक दिवसाआड फक्त दहावा हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच, साधारण त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी हळूहळू घाला. दोन-तीन आठवडे असंच करत राहा. या काळात खाणं अगदी कमी द्या. मोठ्या माशांना अधूनमधून एखादा दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही. खडीतला गाळ सायफनने, म्हणजे नळीने पाण्याबरोबर ओढून काढायचा, पण एका वेळी एकच कोपरा घ्या. जाड थर एकदम ढवळला तर खाली कुजलेलं सगळं पाण्यात मिसळतं.

फिल्टर चालू असेल तर त्याचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. स्पंज जुना आणि काळपट दिसतो म्हणून लगेच बदलूही नका. त्याचा खरा ऐवज त्या तपकिरी थरातच आहे. फिल्टर बरेच दिवस बंद पडलेला असेल आणि उघडल्यावर सडका वास येत असेल, तर मात्र तो तसाच सुरू करू नका. स्वच्छ धुवा आणि जिवाणू पहिल्यापासून वाढवावे लागणार असं धरून चाला. त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

टाकीत एकही मासा उरला नसेल तर गोष्ट सोपी आहे. रिकामी करा, काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने काढा, साबण अजिबात वापरू नका. कोरड्या पडलेल्या टाकीचे सांधे कधीकधी गळतात, म्हणून ती दोन-तीन दिवस भरून ठेवून बघा.

नवे मासे कधी आणायचे? अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसले की. कोणते आणायचे, हे शक्यतो टाकीत उरलेल्या माशांवरून ठरवा. टेट्रा, रासबोरा, कोरीडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. टाकीत एकच टेट्रा उरला असेल तर तो बहुतेक आडोशाला दडून बसलेला दिसेल. रंगीबेरंगी दुसरं काही आणण्याआधी जागा बघून त्याच्याच जातीचे पाच-सहा आणा. माझ्या मते टाकी पुन्हा भरण्याचं याहून चांगलं कारण नाही. शेवाळ खाईल म्हणून सकर मासा मात्र आणू नका. दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा सकर फूटभराहूनही मोठा होतो. शेवाळ कमी करायचं तर दिवा सहा-आठ तासच लावा.

आणलेले मासे आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मोठ्या हालअपेष्टेतून वाचलेल्या माशांना बाहेरचा रोग झेपणार नाही. त्यानंतरही सगळे एकदम सोडू नका. दोन-तीन सोडा, आठवडाभर पाणी तपासा, आकडे शून्यावरच राहिले तर पुढचे दोन-तीन. दुकानातून आणलेल्या पिशवीतलं पाणी कोणत्याच टाकीत ओतू नका, मासे जाळीने उचलून सोडा.