द, दि, दु

नववीत असताना एका मोकळ्या तासाला आमच्या इतिहासाच्या सरांनी फळ्यावर खिळ्यांसारख्या रेघांची तीन चिन्हे काढली आणि त्यांच्याखाली ‘द, दि, दु’ असे लिहिले. प्राचीन फारसीच्या कीलाकार लिपीत काही व्यंजनांचे चिन्ह पुढच्या स्वराप्रमाणे बदलते, हे 1846 मध्ये आयर्लंडमधल्या एका लहानशा गावच्या पाळकाने ओळखले, असे त्यांनी सांगितले. बाराखडी घोकून मोठे झालेल्या आम्हा मुलांना ते चटकन उमगले. त्या पाळकाचे नाव रेव्हरंड एडवर्ड हिंक्स.

हिंक्स यांचा जन्म 1792 मध्ये कॉर्क येथे झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळवलेला हा विद्वान 1825 मध्ये डाउन परगण्यातील किलिले येथे अँग्लिकन चर्चचा रेक्टर झाला आणि 1866 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल 41 वर्षे, त्याच पदावर राहिला. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफनविधी सांभाळून उरलेल्या वेळात, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर राहून, त्यांनी कीलाकार लेखांच्या प्रतींवर काम केले. बॅबिलोनी भाषेच्या कीलाकार लेखनात एकाच चिन्हाचे अनेक उच्चार संभवतात आणि ही लिपी मुळात सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातील) भाषा बोलणाऱ्यांनी घडवलेली नसावी, हे त्यांचे निष्कर्ष पुढे खरे ठरले.

कीलाकार लिपी उलगडल्याचे श्रेय सहसा हेन्री रॉलिन्सन यांना आधी दिले जाते. कंपनी सरकारच्या फौजेत दाखल होऊन 1827 मध्ये मुंबईला उतरलेल्या या अधिकाऱ्याने इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर चढून तिथले कीलाकार लेख उतरवले होते, त्यामुळे त्यांचे नाव गाजणे स्वाभाविकच आहे. पण हिंक्स यांचा मान तेवढाच मोठा आहे, असे सर आवर्जून सांगत आणि मलाही तसेच वाटते. 1857 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने पहिला तिग्लथ-पिलेसर या प्राचीन असिरियन राजाच्या कीलाकार लेखाची चार अभ्यासकांची स्वतंत्र भाषांतरे मोहोरबंद मागवली. त्यांत रॉलिन्सन, टॅलबट आणि ऑपर्ट यांच्या बरोबरीने हिंक्स होते. पाकिटे उघडल्यावर चौघांचे अर्थ मुख्य मुद्द्यांत जुळले आणि लिपी खरोखर वाचली गेल्याची विद्वानांची खात्री पटली.

पुढे नोकरीनिमित्त बेलफास्टला असताना मी एका रविवारी किलिलेला गेलो. स्ट्रँगफर्ड लॉक या खाडीच्या काठावरचे, मनोऱ्यांच्या किल्ल्याचे ते गाव. ज्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले, ते हॅन्स स्लोन 1660 मध्ये याच गावी जन्मले. संध्याकाळी मी सरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तिथून लंडन किती लांब रे?” मधे समुद्र ओलांडावा लागतो, असे मी सांगितले. क्षणभर थांबून सर म्हणाले, “आणि त्या म्युझियममधल्या कीलाकार लेखांच्या मूळ मातीच्या विटांवर काम करायला हिंक्सना जेमतेम एक वर्ष मिळालं, 1853-54 चं.”