पंप चालू आहे, पण किती वेळा दाबल्यावर?

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, म्हणजे यूएनव्हीत, निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं अवघड भाग संपला. अर्ज, व्हिडिओवरची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, सगळं रीतसर पार पडलं होतं. अडलं ते एका लशीवर. यलो फीवरची लस घेतली की प्रवासासाठी लागणारं तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, आणि मी ती निघायच्या ८ दिवस आधी घेतली. तारीख पुढे ढकलावी लागली. निवडीचं पत्र हातात पडताच डॉक्टरांकडे जा, तिकिटाची वाट बघू नका. २०१६ पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. वाढलेल्या दिवसांत मी ‘बीसेफ’ हा सुरक्षेचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स पुन्हा एकदा नीट वाचून काढला, तेवढाच फायदा.

पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे सिमकार्ड, बँक खातं आणि राहण्याचा परवाना यांत गेले. पगार नसतो, राहणीभत्ता मिळतो. काटकसरीने राहिलं तर पुरतो.

माझं काम होतं गावोगावच्या हातपंपांच्या नोंदी ठेवणं. फॉर्मवर एक रकाना होता: पंप चालू की बंद. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी बसल्या बसल्या त्या नोंदींचा तक्ता नव्याने मांडला, रंग दिले, आलेख काढले. मनापासून केलं होतं. माझ्या स्थानिक सहकाऱ्याने ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, “उद्या माझ्याबरोबर चला. फॉर्म पिशवीतच राहू द्या.”

आम्ही अॅफ्रिडेव्ह नावाच्या प्रकारच्या एका हातपंपाजवळ सकाळभर बसलो. भाषा मला जेमतेम नमस्कारापुरती येत होती. बायका रांगेत येत, दांडा दाबत, बराच वेळ नुसती हवा, मग पाणी. आमच्या नोंदीत हा पंप ‘चालू’ होता. पंपाची देखभाल करणाऱ्या बाईंनी मला बोलावून दांडा माझ्या हातात दिला आणि मोठ्याने मोजायला लागल्या. मीही त्यांच्यामागून म्हणत गेले. सत्ताविसाव्या दाबाला पाणी आलं. त्या भाषेतले सत्तावीसपर्यंतचे आकडे मी तिथेच शिकले.

सहकाऱ्याने मग समजावलं. तळाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. तिचं रबर झिजलं की पाइपातलं पाणी हळूहळू खाली उतरतं आणि दर वेळी ते नव्याने वर खेचावं लागतं. आज सत्तावीस, काही महिन्यांनी बंद. बाईंना हे केव्हापासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही. इतक्या लांब येऊन मी चुकीच्याच प्रश्नाची उत्तरं नीटनेटकी लावत बसले होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी भाषेची शिकवणी लावली. नव्याने जाणाऱ्यांनी पहिला वेळ आणि पहिला पैसा यातच घालावा, असं माझं ठाम मत आहे. दुभाषा वाक्य पोहोचवतो, पण रांगेतली कुरकुर त्याच्यामार्फत कळत नाही. तीन महिन्यांनी, सहकाऱ्याच्याच नावाने, आम्ही फॉर्मवर नवा रकाना सुचवला: पहिलं पाणी येईपर्यंत किती दाब. त्याच्या नावाने यासाठी, की माझी मुदत संपल्यावरही तो रकाना तिथे टिकायला हवा होता.

रबराचा तो भाग यायला आणखी काही आठवडे लागले. अॅफ्रिडेव्हची रचनाच अशी आहे की गावातल्या माणसांना तो साध्या हत्यारांनी उघडता यावा. झडप काढायला सगळे पाइप उपसावे लागत नाहीत. बाईंनी पाना हातात घेतला, आम्ही दोघं सळया धरायला उभे होतो. दुपारपर्यंत पंप पुन्हा जोडून झाला. त्यांनी दांडा दाबला. रांगेतल्या सगळ्याजणी मोजत होत्या, तीन म्हणेपर्यंत पाणी आलं. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि नव्या रकान्यात ३ लिहिलं.