बांधावरून काढलेली बाग

शेवटच्या वर्षाच्या पेंटिंगच्या वर्गाला जुलैत मी एवढंच सांगतो, की आता विषय मी देणार नाही. आतापर्यंत स्टिल लाइफची मांडणी मी केली, मॉडेल मी बसवलं, कॉम्पोझिशनचा विषय फळ्यावर मी लिहिला. आता वर्षाअखेर आठ चित्रांची स्वतःची मालिका दाखवायची, आणि आठ का, एकात का भागलं नाही, तेही सांगता आलं पाहिजे. पोरं खूश होतात. पंधरा दिवसांत विषय यायला लागतात. स्त्रीमनाचं अंतरंग, मुखवटे, डोक्यातून झाड उगवलेला माणूस. सिंहस्थ जवळ आला की साधू वाढतात. आणि नाशिक म्हटल्यावर घाट तर असतोच. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी इथला निसर्ग जलरंगात असा रंगवून ठेवलाय की आमच्या मुलांचे पाय आपसूक रामकुंडाकडे वळतात. ओला कागद, देवळांचे कळस, खाली हलणारं प्रतिबिंब. येतं त्यांना, चांगलं येतं. म्हणूनच सोडवत नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीने द्राक्षबाग घेतली होती. घरचीच बाग. विषय ऐकून मला बरं वाटलं, कारण साधू नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मधली ज्युरी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर कामं मांडायची फेरी, होती. मुंबईहून एक चित्रकार बाई आल्या होत्या. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की मुलं आठवडाभर गप्प असतात. या मुलीचे कॅनव्हास मोठे, चार बाय पाच फुटांचे, एसटीत कंडक्टर घेईना. तिच्या वडिलांना तसंही औषधं आणायला नाशिकला यायचं होतं, म्हणून ते पिकअपमध्ये घालून घेऊन आले. द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटच्या आधाराने उभे केलेले, मध्ये गोधडी. उतरवून झाल्यावर ते जायला निघाले, मी चहासाठी थांबवलं. ते स्टुडिओच्या कोपऱ्यात एका डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकड्यावर, बसले आणि मोबाइलवर हवामान बघायला लागले. त्या आठवड्यात आभाळ भरून येत होतं. छाटणीनंतरच्या साठाव्या दिवसाचे घड वेलीवर असताना बागाईतदाराचं लक्ष चित्रांत कशाला असेल?

तिने आठही चित्रं भिंतीला टेकवून मांडली. तैलरंग, हात तयार. पहाटेचं धुकं, दुपारचा पिवळा उजेड, फवारणीनंतर निळसर झालेली पानं. रांगा दूरवर जाऊन एका बिंदूत मिळतात, वर एक तृतीयांश आभाळ. बाईंनी एकेकापुढे उभं राहून सगळी पाहिली, मग मागे सरकल्या.

"छान आहेत. पण हे एकच चित्र आठ वेळा केलंयस. उजेड बदलला, बाकी काय बदललं?"

फ्रेंच चित्रकार मोनेनेही उजेडच बदलला होता, असं मुलीने म्हटलं. बरोबर होतं ते. त्याची १८९०-९१ मधली गवताच्या गंज्यांची चित्रं आम्हीच वर्गात दाखवलेली. बाई म्हणाल्या, "मोने तिथे थांबला नाही. कमळांची शेवटची चित्रं बघ. आधी पूल होता, काठ होता. मग काठ गेला, आभाळही गेलं, नुसतं पाणी उरलं. तुझं काय गेलं?"

मुलगी गप्प. मीही मध्ये पडलो नाही. अशा वेळी मास्तरने उत्तर पुरवलं की मालिका मास्तरची होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "ताई, एक बोलू का? हे सगळं बांधाहून काढेल दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही पाव्हण्याला बाग दाखवतो ना, तिथून. मधी कोणीच नाही शिरेल."

मुलगी लाल झाली. "अण्णा, गप बसा ना."

बाई मात्र त्यांच्याकडे वळल्या. आत शिरलं की काय दिसतं, विचारलं. अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला. "काही नाही दिसत. रांग नाही का आभाळ नाही. आमचा मांडव आहे, डोक्यावर पाला. मान वर करून काम. डिपिंगला तर बघायलाच नको." आणि ते उठून उभे राहिले. डावा हात वर, बोटांत न दिसणारा घड धरल्यासारखा, उजव्या हातात मग, तो खालून वर घडापर्यंत न्यायचा, घड त्यात बुडवायचा, की पुढचा घड. घड फुगायला वापरतात त्या जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि काखेत जातं, हेही त्यांनी बोटाने दाखवलं. डिसेंबरच्या सकाळी ते पाणी किती गार लागतं ते सांगताना खांदे उडवले.

"तसेच थांबाल का जरा?" बाई म्हणाल्या.

मग जे झालं ते कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने कोळसा काढला, पाठोपाठ बाकीच्यांनी स्केचबुकं. ज्युरी बाजूला राहिली, वर्ग अण्णांभोवती गोल करून बसला. लाइफच्या वर्गात असं मॉडेल मिळत नाही. वर ताणलेली मान, गळ्याची शीर, उचललेल्या हाताखाली सुटलेला सदरा, आणि शरीराचं सगळं वजन टाचांवर. मी मध्ये विचारलं, थकलात का? "रोज दिवसभर हेच करतो सर, आज निदान बसून चहा तरी मिळाला."

त्यांची मुलगी चित्र काढत नव्हती. ती खाली फरशीवर बसली, मग सरळ आडवी झाली आणि बापाच्या हाताखालून वर छताकडे बघत राहिली. फॅन, ट्यूबलाइट, त्यामध्ये तो हात. दोन-चार मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

पोझ सुटल्यावर अण्णा खुलले होते. ते आता एकेका चित्रापाशी जाऊन तपासणी करायला लागले. हे छाटणीनंतर तिसाव्या दिवसाचं, हे पंचेचाळिसाव्या. अचूक सांगत होते. फवारणीच्या चित्रापुढे मात्र थबकले. त्यात बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा, निळा होता. "हे चुकलं. एवढ्या मोठ्या घडावर बोर्डो कोण मारतं? डाग राहतो. एक्स्पोर्टवाला हात लावणार नाही. आणि बोर्डो इतकं निळंजर्द नसतं, वाळलं की पांढुरकं पडतं."

"अण्णा, ते चित्र आहे."

"असू दे ना. पण बाग आपली आहे."

इथे आमच्यात फूट पडली. बाईंचं म्हणणं, निळा चित्राला हवा असेल तर कृषी खात्याला विचारायचं कारण नाही. खरं खोटं बघायला हा काही पीकपाण्याचा तक्ता नव्हे. माझं मत थोडं वेगळं होतं आणि अजून आहे. निळा ठेव, पण घड भरल्यावर तो तिथे नसतो हे माहीत असून ठेव. माहीत नसताना टाकलेला निळा नुसता गोड दिसतो. माहीत असून टाकलेल्या निळ्याला चित्रात दुसरंही काही काम करावं लागतं.

अण्णांना आमच्या वादात रस नव्हता. ते मुलांना बोर्डो कसं करतात ते सांगत होते. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला समजायचं, आणखी घालायचा, नाहीतर पानं जळतात. पोरं रंगाच्या वर्गात कधी ऐकत नाहीत इतकं लक्ष देऊन ऐकत होती. एकाने लगेच विचारलं, हेच कॅनव्हासवर लावलं तर? मी नको म्हटलं. मोरचूद विषारी, वाळल्यावर भुकटी उडणार, आणि तेलाशी त्याचं किती दिवस जमेल याची खात्री नाही. तो रंग ट्यूबमधूनच काढायचा. पांढऱ्यात थोडा सेरुलियन, निळ्याचा भडकपणा मारायला किंचित तपकिरी रॉ अंबर, आणि वाळलेल्या हिरव्यावरून कोरड्या ब्रशने घासून. खालचा हिरवा दिसत राहिला पाहिजे.

बाईंनी जाताना तिच्या कागदावर लिहिलं, "आठही बाजूला ठेव." गुण कमीच दिले. पिकअप परत भरताना ती बापाशी बोलत नव्हती.

नंतर तिने मोठे कॅनव्हास सोडले. स्केचबुक घेऊन ती बागेत मांडवाखाली झोपायला लागली, मजूर बायांच्या पायांमधून वर बघत. पहिली काही चित्रं फसली. आभाळ काढल्यावर खोली कुठून आणायची ते तिला कळेना, सगळं गालिच्यासारखं सपाट व्हायचं. मग घडांना गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागद तिच्या कामी आले. पाना-पानांत ते पांढरे तुकडे जवळ-लांब बसवून तिने जागा तयार केली. वेली आता रांगेत उभ्या नाहीत, तारा तिरक्या जातात, आणि हात येतात ते कडेतून, चेहरा नसलेले. फवारणीचा निळा एका चित्रात आहे, भरल्या घडांवर, मुद्दाम. अण्णांना तो अजून पटलेला नाही.

आतापर्यंत सहा झालीत. सातव्यासाठी तिला एप्रिलमधली खरड छाटणी हवी आहे. पाला उतरतो, मांडव उघडा पडतो, आणि त्याच जागी आडवं पडलं की वर सगळं आभाळच. ते आभाळ आता आलं तर चालेल, असं ती म्हणते, आणि मला ते पटतं. पण सबमिशन त्याआधी आहे आणि नियमात आठ लिहिलेत. सहा चित्रं आणि स्केचबुकं धरून चालेल का, यावर मी सध्या विभागप्रमुखांच्या मागे लागलोय.