ग्राट्सचं शस्त्रागार: तीन मिलिमीटर पोलाद आणि आजची गोळी

व्हिएन्नाहून ऑस्ट्रियातल्याच ग्राट्स शहराला रेल्वेने अडीच-पावणेतीन तास लागतात. वाटेत झेमरिंगचा घाट लागतो. १८५४ साली पूर्ण झालेला हा रेल्वेमार्ग पाहण्यासारखा आहे, त्यामुळे झोप काढायची तर घाट संपल्यावर काढावी. ग्राट्स स्टेशनबाहेरून ट्राम पकडून हाउप्टप्लाट्झला उतरलं, की हेरेनगासे या रस्त्यावर १६ नंबरची इमारत दोन मिनिटांत येते. दाराच्या दोन्ही अंगांना मार्स आणि मिनर्व्हा या रोमन युद्धदेवतांचे पुतळे आहेत. हेच लांडेसत्सॉइगहाउस, स्टायरिया प्रांताचं जुनं शस्त्रागार.

तुर्कांच्या स्वाऱ्यांना तोंड देण्यासाठी ही कोठी १६४२ ते १६४५ या काळात बांधली. १७४९ मध्ये ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा हिच्या सरकारने ती मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा प्रांताच्या सभेने ‘आमच्या पराक्रमाची आठवण म्हणून राहू द्या’ अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. म्हणून आज साधारण ३२,००० वस्तू लाकडी मांडण्यांवर कोठीतल्यासारख्याच लागलेल्या दिसतात. काचेच्या पेटीत एकच नटवलेलं चिलखत, असला प्रकार इथे नाही. आत जाडं जाकीट अंगावर असू द्यावं, आणि हिवाळ्यात जायचं असेल तर वेळा आधी बघून घ्याव्यात.

‘मध्ययुगीन चिलखत आजच्या गोळीला अडवेल का’ हा प्रश्न नेटवर वर्षानुवर्षं चघळला जातो. त्याचं उत्तर शोधायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही, कारण पत्रा आणि बंदूक इथे एकाच छपराखाली आहेत. शिवाय १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथल्याच जुन्या बंदुका लष्कराच्या चाचणी-मैदानावर नेऊन खरोखर झाडून पाहिल्या होत्या.

बंदुका पहिल्या मजल्यावर आहेत. तटावरून डागायच्या जड बंदुका, मस्केट म्हणजे शिपायाच्या लांब नळीच्या बंदुका, आणि रांगेने टांगलेली व्हील-लॉक, म्हणजे चाक फिरून ठिणगी पाडणारी, पिस्तुलं. त्या चाचणीतला आपल्या कामाचा प्रयोग पिस्तुलाचा होता. १६२०च्या आसपासचं पिस्तूल, साडेनऊ ग्रॅमची शिशाची गोल गोळी, व्यास १२.३ मिलिमीटर, वेग सेकंदाला सुमारे ४३६ मीटर, म्हणजे ऊर्जा ९०० जूल. समोर साडेआठ मीटरवर १५७०च्या दशकातला ऑग्सबुर्गचा पत्रा, जाडी २.८ ते ३ मिलिमीटर, मागे तागाचं कापड आणि वाळूची पिशवी. गोळी पत्रा फोडून गेली, पण तेवढ्यातच तिचा जीव संपला; मागच्या कापडाला धक्का लागला नाही. माणूस बहुधा वाचला असता, बरगडीला मुका मार बसला असता.

आता आजच्या काडतुसांशी हिशेब जुळवू. नुसती ऊर्जा पाहून भागत नाही. ती किती क्षेत्रफळावर येऊन पडते ते पाहावं लागतं. त्या पिस्तुलाच्या गोळीची दर चौरस मिलिमीटरला साडेसात जूल भरते. आजच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅमची, वेग ३६०, ऊर्जा सव्वापाचशे जूलच्या आत; दर चौरस मिलिमीटरला आठ जूल. म्हणजे चारशे वर्षांत पिस्तुलाने या बाबतीत फारशी मजल मारलेली नाही! एकूण ऊर्जा तर कमीच आहे. फरक एवढाच की आजच्या गोळीवर तांब्याचं वेष्टन असतं, त्यामुळे ती शिशासारखी लगेच पसरत नाही. म्हणून तीन मिलिमीटरच्या छातीपत्र्याच्या मध्यावर ती खळगा पाडून थांबेलच, अशी खात्री मी देणार नाही. दीड मिलिमीटरच्या बगलेतून तर सरळ आत जाईल.

रायफलचा मामला वेगळा आहे. ५.५६ नाटो काडतुसाची गोळी अवघी ४ ग्रॅमची, पण वेग ९४० आणि ऊर्जा पावणेअठराशे जूल, तीही पंचवीस चौरस मिलिमीटरवर. दर चौरस मिलिमीटरला सत्तरच्या घरात. ७.६२ नाटोचा आकडाही सत्तरच्या आसपासच येतो. जिथे आठ जूलवर घासाघीस चालली होती तिथे सत्तर म्हटल्यावर चर्चाच संपते. तीन मिलिमीटर पोलाद तर फुटेलच, समोरून मारलेली गोळी पाठपत्राही फोडू शकते.

दुसऱ्या मजल्यावर वेळ काढून जा. पायदळाची आणि घोडदळाची काळी, साधी चिलखतं इथे ओळीने उभी आहेत. काही छातीपत्र्यांवर वाटाण्याएवढा किंवा थोडा मोठा गोल खळगा दिसतो. ती लढाईतली जखम नव्हे. कारागीर पत्रा विकण्यापूर्वी स्वतःच त्यावर गोळी झाडून दाखवत असे, त्याची ती खूण. खरी खूण ओळखायची तर खळग्याचा तळ गुळगुळीत आणि कडा निवळलेल्या असतात, भेग कुठेच नसते. हातोडीने खोटा खळगा पाडून गिऱ्हाइकाला गंडवणारेही असणारच. बाजार तो बाजार.

जाडीचा अंदाज घेताना कडेला फसू नका. गळ्याची आणि बगलेची कड तारेभोवती वळवलेली असते, ती बोटभर जाड दिसते. खरी जाडी रिव्हेटच्या किंवा खिळ्याच्या मोकळ्या भोकात डोकावल्यावर कळते. मध्यभागी अडीच-तीन मिलिमीटर, बगलेकडे दीड, हातापायांवर एकाच्या आसपास. कारागिराला सगळीकडे सारखी जाडी नकोच होती. वजन जिथे कामाला येईल तिथेच त्याने ठेवलं. मधली उभी धारही शोभेची नाही. गोळी ४५ अंशांनी आली तर तीन मिलिमीटरचं अंतर सव्वाचार होतं, आणि गोल शिसं तर अनेकदा घसरूनच जातं.

सगळ्यात जास्त घोळ लोखंडाच्या प्रतीत होतो. त्या काळचं स्वस्त चिलखत म्हणजे मऊ लोखंड, त्यात भट्टीतल्या कीटाच्या रेघा अडकलेल्या. गोळी बसली की पत्रा त्या रेघेवरच फाटतो. चांगल्या कारागिराकडे कार्बन असलेलं पोलाद असे. ते लाल तापवून पाणी द्यायचं आणि मग पुन्हा हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. जास्त कडक राहिलं तर तडकतं, जास्त उतरलं तर वाकतं. चाचणीतला ऑग्सबुर्गचा पत्रा सुमारे २९० ब्रिनेल कठीण होता (ब्रिनेल हे धातूच्या कठीणपणाचं माप). आज छातीवर घालायच्या पोलादी संरक्षक पट्ट्या ५०० ब्रिनेलच्या आणि साडेसहा मिलिमीटर जाड असतात, तेव्हा कुठे त्या साध्या शिसं-गाभ्याची रायफलची गोळी थोपवतात. असल्या २५ बाय ३० सेंटिमीटरच्या एका पट्टीचं वजन पावणेचार किलो, म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. आता त्या जाडीने डोक्यापासून पायापर्यंत माणूस मढवून बघा.

हे कुणी करून पाहिलंच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातला दरोडेखोर नेड केली १८८० मध्ये नांगराच्या फाळपत्र्यांचं सहा मिलिमीटरचं, ४४ किलोचं चिलखत घालून पोलिसांसमोर उभा राहिला. पत्र्यावरच्या गोळ्या अडल्या. पोलिसांनी मग उघड्या पायांवर नेम धरला.

गोळी अडली तरी काम संपत नाही. शिसं कठीण पत्र्यावर आपटलं की त्याचे तुकडे पत्र्याला लागून चौफेर उडतात, आणि छातीवरून वर उडालेले तुकडे हनुवटीखाली घुसतात. आजच्या पोलादी पट्टीवर म्हणूनच रबरासारखा लेप देतात. छातीपत्र्याची गळ्याजवळची बाहेर वळवलेली कड मूळची भाल्याच्या टोकासाठी, पण ती इथेही थोडं काम करेल. धक्क्याच्या बाबतीत जुना पत्रा उलट बरा: फुगीर आकारामुळे पोलाद आणि बरगडी यांच्यात दोन-चार बोटं पोकळी राहते, आत गादीदार अंगरखा असतो. आजच्या बुलेटप्रूफ जाकिटाच्या चाचणीत जाकिटामागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खळगा चालतो; फुगीर छातीपत्र्यात तेवढी जागा बऱ्याचदा निघते.

तिसऱ्या मजल्यावर सरदारांची आणि घोड्यावरून भाल्याने झुंजायच्या खेळातली चिलखतं आहेत. खेळाचं चिलखत रणांगणाच्या चिलखतापेक्षा जड असतं, पण ते गोळीसाठी नव्हे, समोरून येणाऱ्या भाल्यासाठी. त्याची तुलना या हिशेबात आणू नये. घोड्याच्या चिलखतापाशी थांबा, बाकीचं भरभर उरका. चौथ्या मजल्यावर भाले, परशू, तलवारी. आवड असेल तर एक तास, नसेल तर दहा मिनिटं पुरतात.

व्हिएन्नात एक दिवस हाताशी असेल तर नोये बुर्गमधला शाही शस्त्रसंग्रहही बघावा. तिथे इन्सब्रुक आणि ऑग्सबुर्गचं उत्तम काम आहे. मात्र साध्या शिपायाचा ओबडधोबड पत्रा बघायचा तर ग्राट्सच. आणि दोन्ही ठिकाणी छोटी टॉर्च जवळ ठेवावी, रिव्हेटच्या भोकात डोकावायला लागते.