मागच्या फळीवरचं दूध

दुधाची पावडर बहुतेक घरांत असते, पण ती आहे असं कोणी आपणहून सांगत नाही. ओट्यावरच्या डब्यांत तिला जागा नसते. वरच्या फळीवर, पापडांच्या मागे, रबर लावलेली पिशवी. पाहुणे दारात आणि पातेल्यातलं दूध नासलेलं, अशी वेळ आली की ती खाली उतरते. मग आतून आवाज येतो, "पावडरचा चहा चालेल ना हो?" आवाजात असा संकोच, जणू पाहुण्यांना कालचं वरण वाढायचंय.

या संकोचाचं मला नवल वाटतं, विशेषतः मुंबईकरांच्या. आरेच्या, म्हणजे सरकारी दूध योजनेच्या, केंद्रावर पहाटे रांग लावून जे टोन्ड दूध घरी यायचं, ते मुळात पावडरच्याच आधाराने उभं होतं. म्हशीचं दाट दूध, त्यात स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी. तेवढ्याच दुधात जास्त घरं भागायची. ही युक्ती मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची. तेव्हा पावडर बाहेरून यायची. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी जाणकार सांगत, ते गुजरातेत आणंदमध्ये, अमूलचे दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी खोटं ठरवलं आणि 1955 मध्ये तिथे कारखाना सुरू झाला. 1970 मध्ये देशभर दूध वाढवण्यासाठी 'दुधाचा महापूर' योजना सुरू झाली, तीही युरोपातून मदत म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल यांच्या भांडवलावर. आजही पुष्टकाळात, म्हणजे जनावरं भरपूर दूध देतात तेव्हा, उरलेल्या दुधाची पावडर होते आणि उन्हाळ्यात जनावरं आटली की डेअऱ्या तिच्यावर वेळ निभावतात. म्हणजे नाक मुरडणाऱ्यांच्याही पोटात ती केव्हाच गेलेली आहे.

तिची खरी परीक्षा पावसाळ्यात. पावडरमध्ये पाणी जेमतेम तीन-चार टक्के, आणि तिच्यातली दुधाची साखर हवेतली ओल ओढायला टपलेली. आषाढात पिशवी चार दिवस सैल राहिली की चमचा आत शिरत नाही, खडा फोडावा लागतो. दोष आपण हवेला देतो, पण निम्मी ओल आपल्याच हातून जाते. उकळत्या चहावर चमचा धरून पावडर झटकायची आणि वाफेने ओलावलेला तोच चमचा पुन्हा पिशवीत! माझा नियम साधा आहे: पावडर आधी कोरड्या वाटीत काढायची, चुलीपासून लांब. पिशवी चिमटा लावून, सगळीच्या सगळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. फ्रिज नको, गार डबा बाहेर उघडला की आत दव धरतं. आणि सायीसकटच्या दुधाची पावडर साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, तिच्यातलं तूप खवट होतं. वास घेतला की कळतं.

गुठळ्यांचं कोडंही वाफेचंच भावंड. पावडर थेट गरम चहात पडली की वरचा थर भिजून चिकट होतो आणि आत पाणी शिरू देत नाही. अशी एखादी गुठळी चमच्याने कपाच्या कडेला दाबून पाहा: बाहेरून लिबलिबीत, आत कोरडी पांढरी भुकटी. म्हणून वाटीत थोडं कोमट पाणी घालून आधी सरसरीत पेस्ट करायची, मग हळूहळू पातळ करायचं. लिटरभर दुधाला साधारण सव्वाशे ग्रॅम. कालवल्यावर मात्र ते दूधच. नेहमीच्या दुधाइतकंच नासतं. आणि तान्ह्या बाळाला ही पावडर नाही. त्यांची वेगळी असते.

चहापेक्षा तिचं मोल मला दह्यात कळलं. गाईच्या पातळ दुधाचं दही पळीवर ठरत नाही. विरजण लावण्याआधी कोमट दुधात दोन चमचे पावडर विरघळवली की सकाळी पळीने कापावं लागतं. मात्र चहासाठी मिळते ती पावडर इथे वापरू नका, तिच्यात बहुधा साखर असते. कोशिंबिरीत ती गोडी लगेच कळते. नारळाच्या वड्या मऊ करायलाही ती बरी.

गुलाबजाम मात्र खव्याचेच. पावडरचे पाकात असेपर्यंत दिसतात देखणे, पण दुसऱ्या दिवशी मध्ये खडा लागतो. त्या वादात मी तिची बाजू घेणार नाही.