आरसी बुकावरचं वय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, मेहरूण तलावावर सकाळी फिरताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे माझं तोंड उघडं असताना, हाच प्रश्न आला आहे: "ताई, त्या बुटक्या, दोन दारांच्या, गुरगुरणाऱ्या स्पोर्ट्स कार घेतं तरी कोण? पोरं, की पैसेवाले म्हातारे?" मी जळगावात बावीस वर्षं गाड्यांचे विमे उतरवते. फॉर्मवर जन्मतारीख असते, म्हणजे मला उत्तर ठाऊक असणार असं सगळ्यांना वाटतं.

जन्मतारीख असते, खरं आहे. पण आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या किती माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो ते कधी मोजून पाहा. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. विमा कंपनीचा कॉम्प्युटर दर १ जूनला माझ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छांचे मेसेज धाडतो आणि दिवसभर माझा फोन वाजतो, "ताई, हे काय आलं? हप्ता भरायचा राहिला का?"

तर फायली काय सांगतात? अशा गाड्या माझ्याकडे नऊ आहेत. खान्देशात यांची शोरूम नाही; कोणी मुंबईहून आणतं, कोणी पुण्याहून, कोणी सुरतेहून. नवापैकी सहांच्या आरसीवर पन्नाशीपुढचा माणूस आहे. हे ऐकून विचारणारा खूश होतो, म्हणतो, म्हणजे म्हातारेच! परदेशातही तसंच आहे, असंही कोणीतरी पुस्ती जोडतो.

परदेशातलं कारण निराळं आहे. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली ती तरुणांसाठीच. किंमत २,३६८ डॉलर, म्हणजे नोकरीला लागलेल्या पोराच्या आवाक्यातली. पहिल्या दिवशी बावीस हजारांच्या आसपास मागण्या नोंदल्या गेल्या, वर्षभरात चार लाखांवर गाड्या खपल्या. ती काढण्यामागचे ली आयकोका स्वतः तेव्हा ३९ वर्षांचे होते. ज्यांना त्या वेळी परवडली नाही त्यांनी आधी घराचं कर्ज फेडलं, पोरं मार्गी लावली आणि मग गाडी घेतली. तिकडचा स्पोर्ट्स कारवाला पिकलेल्या केसांचा दिसतो तो यामुळे. अर्थात तिथेही वारं बदलतंय. फेरारीचे प्रमुख बेनेदेत्तो विन्या यांनी २०२५मध्ये सांगितलं की त्यांच्या नव्या गिऱ्हाइकांपैकी ४० टक्के चाळिशीच्या आतले आहेत.

आपल्याकडे हीच मस्टँग २०१६ला आली तेव्हा किंमत पासष्ट लाखांच्या घरात होती. नोकरीला लागलेल्या पोराने तिचा फोटो मोबाइलवर लावायचा. पासष्ट लाख एकट्या माणसाचे नसतात, घराचे असतात. आणि घराचे पैसे कोणाच्या नावाने बाहेर पडतात, ते तुम्हालाही माहीत आहे.

पारोळ्याकडचं एक घर आहे, जिनिंगचा धंदा. मुलगा सव्वीसचा, गाडी त्याने पसंत केली, पुण्याला चार चकरा त्याने मारल्या. सही करायला बाप. बापाला ती गाडी चालवताना मी आजवर पाहिलेलं नाही. तो गुडघे धरत एकदा आत बसला आणि म्हणाला, "ही गाडी हाय का खाट?" मग आई आली. तिने वाकून मागे पाहिलं आणि म्हणाली, "इतला पैसा दिना, नि मी कोठे बठू?" विक्रेत्याने मागे दोन सीट आहेत म्हणून दाखवलं. तिथे त्या माउलीची पिशवीसुद्धा मावली नसती.

गाडी बापाच्या नावावर का, याची तीन कारणं मला त्या टेबलावरच दिसली. बँकेला तीन वर्षांची रिटर्नं लागतात आणि बापाच्या धंद्यात राबणाऱ्या पोराच्या रिटर्नवर आकडा बेताचाच असतो. दुसरं, कंपनीच्या नावावर घ्यावी तर आपल्या राज्यात रस्ताकर २० टक्के, माणसाच्या नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३. तिसरं कारण माझ्या धंद्यातलं, आणि ते लोकांना सहसा ठाऊक नसतं. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, आम्ही एनसीबी म्हणतो ती, गाडीची नसते, मालकाची असते. बापाने जुनी इनोव्हा पाच वर्षं क्लेम न घेता चालवली होती. ती विकून त्याची ५० टक्के सूट नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्याला लागली. अशा गाडीला तो हप्ता लाखाच्या पुढे जातो, म्हणजे निम्म्यात भागलं. पोराकडे शून्य सूट. आता सांगा, आरसीवर कोणाचं वय येणार?

विलायतेत पंचविशीच्या आतला पोरगा अशी गाडी घेतो म्हटलं की विम्याचा आकडा ऐकूनच तो माघारी फिरतो. आपल्या थर्ड पार्टीला, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याला, वयाशी देणंघेणं नाही. १५०० सीसीच्या वरची कोणतीही खासगी गाडी असो, वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी. आठ सिलिंडरची पाच लिटरची गाडी आणि बँकेतल्या साहेबांची सोळाशे सीसीची सेडान एकाच रांगेत. (हा दरही २०२२च्या १ जूनला लागू झाला, गुरुजींच्या तारखेला.)

मी त्या बापाला एकच गोष्ट कळकळीने सांगितली. पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो आरसीवर नाव असलेल्या माणसाचा. गाडी दादा चालवणार आणि विमा तुमच्या जिवाचा. दादाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. कमिशनसाठी बोलतेय असं त्यांना वाटलं असावं. आईला मात्र पटलं आणि तिने तिथेच कनवटीचे पैसे काढून दिले.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे खरी गिऱ्हाइकं पोरंच. मीही बरीच वर्षं तेच समजत होते.

माझे सासरे साठीच्या आसपास असताना सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडी घेऊन आले होते. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, तुम्ही गेला असालच. बाजारात सगळे घोडीचं तोंड उघडून दात पाहत होते, तिचं वय किती, चाल कशी, अंगावर खोड आहे का. घेणाऱ्याचं वय कोणी विचारलं नाही. ते सासूबाईंनी घरी विचारलं. चारचौघांत, मोठ्या आवाजात. सासऱ्यांनी घोडी तीन महिन्यांत माझ्या दिराच्या नावावर केली, म्हणजे गावाला सांगायला लागले की पोराच्या हौसेसाठी आणलीय.

हे मला आठवायचं कारण एक क्लेम फॉर्म. पॉलिसी उतरवताना भरतात त्या फॉर्मवर मालक असतो. क्लेमच्या फॉर्मवर मात्र एक रकाना असतो: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, वय, लायसन्स नंबर. लोक इथे खोटं लिहितात. पोरगा चालवत असला तरी मालक म्हणून बापाचं नाव टाकतात. लायसन्स असलेला माणूस मालकाच्या संमतीने चालवत असेल तर क्लेम मिळतो. खोटं लिहिलं आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरच्या ध्यानात आलं तर मिळायचा तोही जातो. हे मी सांगून सांगून दमले. पण तो रकाना खरा भरला असेल, तर गाडी कोणाची ते तिथेच कळतं.

तर तो फॉर्म. गाडी जळगावातल्या एका डाळ मिलवाल्यांच्या मुलाच्या नावावर. मुलगा तिशीतला, माझ्या हिशेबाने तरुण गिऱ्हाइकांत धरलेला. पुढचं बंपर आणि खालचं कव्हर एका गतिरोधकावर फाटलेलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चाक हळूहळू चढतं. आपल्याकडे गावकरी रात्रीतून जो वरंबा घालतात तो ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. इथवर नवीन काही नव्हतं. वेळ लिहिली होती पहाटे सव्वापाच आणि चालकाच्या रकान्यात बापाचं नाव.

मला वाटलं, पुन्हा तेच. मी फोन केला, "नाना, खरं सांगा, दादा चालवत होता ना?"

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "ताई, दादाला त्या गाडीत बसायला कंटाळा येतो. त्याला एसयूव्ही पायजे. ही माझी शे."

गाडी पोराच्या नावावर घ्यायचं कारण, लोक. या वयात थेरं सुचतात, मिलच्या मजुरांचा बोनस थकवून गाड्या उडवतो, असं म्हणतील. म्हणून आठवड्यातून दोनदा, जळगाव उठायच्या आत ते निघतात. तरसोदहून पुढे चौपदरी रस्ता मोकळा असतो. भुसावळ मागे टाकून मुक्ताईनगरला एक कट चहा आणि ऊन तापायच्या आत परत. उन्हाळ्यात तर इथे आठ वाजताच चटके बसतात. घरात फक्त बायकोला माहीत, आणि ती सांगत नाही, कारण परत येताना ते तिच्यासाठी ताजी भाजी आणतात. गतिरोधक चुकीच्या गावात घुसल्यामुळे नडला. वांगी तिथे चांगली मिळतात म्हणे.

माझ्याकडच्या क्लेमच्या फायली मी त्या आठवड्यात पुन्हा काढल्या. नऊ गाड्यांचे पाच क्लेम. तीन ठिकाणी चालक तिशीच्या आतला, गाडी बापाची. दोन ठिकाणी चालक पोराच्या नावावरच्या गाडीतला बाप. दुसरा बाप धुळ्याचा आहे, लळिंग घाटात जातो. माझा आधीचा सगळा हिशेब उलटा धरायला हवा होता, आणि तोही पूर्ण नाही.

नानांचा फॉर्म मी तसाच पुढे पाठवणार होते. संध्याकाळी ते स्वतः ऑफिसात आले, सोबत वांग्यांची पिशवी.

"ताई, वयाच्या रकान्यात काय लिहिलंय मी?"

"लायसन्सवर १ जून १९६५ आहे. साठ लिहिलंय."

"ते गुरुजींचं. माय सांगायची, तापीला महापूर आला, सुरत बुडाली, त्या साली मी झालो. आपल्या गावातबी पाणी शिरेल होतं." सुरतेचा तो पूर ऑगस्ट १९६८चा. त्यांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. "म्हणजे मी सत्तावन्नचाच शे ना?"

"नाना, लायसन्सवर आहे तेच लिहावं लागेल."

"लिहा, लिहा," ते म्हणाले. "मी फक्त तुमास्नी सांगी ऱ्हायनू."