तुम्ही विचारलंत म्हणून: मी फेस्ताला नाही का म्हणालो

आमच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताचा प्रेसिडेंट, म्हणजे सणाचा खर्च उचलणारा यजमान, व्हायला मी नकार का दिला, हे मला विचारून झालं नाही असं वाड्यावर आता कुणी उरलेलं नाही. कंजूषपणा नाही. श्रद्धा उडाली असंही नाही. आणि मुळात हा हिशेब मी का द्यावा?

पप्पा प्रेसिडेंट होते ते वर्ष बऱ्याच जणांना आठवत असेल. नऊ दिवसांची नोवेना प्रार्थना, वेस्पराला म्हणजे आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला बँड, आतषबाजी, दुपारी अख्ख्या वाड्याला सोरपोतेल नि सान्नां. कर्ज काढलेलं फक्त आईला ठाऊक. विचारलं तर म्हणायचे, "सगळं सायबिणीसाठी." सायबीण म्हणजे मारिया माता. मीस, म्हणजे सणाची मुख्य प्रार्थना, संपताना पाद्रींनी आभार मानले, बँडवाल्यांचे, फुलं लावणाऱ्या मुलींचे, मांडववाल्याचेसुद्धा. पप्पांचं नाव राहून गेलं. पहिल्या बाकावर प्रेसिडेंटचा लाल झगा घालून बसलेल्या पप्पांचे जोडलेले हात सुटलेच नाहीत. घरी सगळ्यांना हसत वाढलं. पंगत उठल्यावर झग्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "आज सायबिणीचा अपमान झाला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलत असते तर कुणीतरी पकडलं असतं. पुढे ते कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापं कबूल करायला, दुसऱ्या गावात जायला लागले. तिथे अहंकार काही सांगितला नसणार. जो दिसतच नाही तो सांगणार कसा?

तेव्हाच मी ठरवलं, हे आपल्याला नको. पण तेव्हाच्या त्या पोराशी, म्हणजे माझ्याशीच, माझं आता पटत नाही. त्याला वाटलं, मागे बसलं की सुटलो. बायबलमधल्या लूकच्या 14व्या अध्यायात येशू सांगतो, मेजवानीत शेवटच्या जागी बस, म्हणजे यजमान म्हणेल, मित्रा, वर ये. मी शेवटच्या बाकावर बसतो खरा, पण कान त्या हाकेकडेच. नकार कळवल्यावर कुणीतरी म्हणालं, "किती साधा माणूस!" ते मी बायकोला दोनदा ऐकवलं. पाचव्या शतकातला संन्यासी जॉन कॅसियन फुशारकीला कांद्याची उपमा देतो: एक पापुद्रा काढला की खाली दुसरा तयार.

मग होकार द्यावा? फेस्ताच्या पत्रिकेवर आपलं नाव पाहायला मला आवडेल, फार आवडेल, म्हणूनच नको. यावर थोरली बहीण म्हणते, "पप्पांनी निदान वाड्याला जेवायला घातलं. तुझ्या नम्रपणानं कुणाचं पोट भरलं?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.